खानावळ : निरंक

१ एप्रिल २०२४, सोमवार. सकाळी.
नवीन आर्थिक वर्ष. भातसानगरला धरणावर नोकरी केली त्या सगळ्या वर्षांत पाण्याच्या पातळीची नोंद मी एक दिवस चुकवली नाही. रिटायर होऊन शेणव्याला घरी बसल्यापासून मात्र नोंद करण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडणार आहे. ही वही फक्त माझ्यासाठी. कुणी वाचू नये. (बायको पारू वाचत नाही, पोरगा ऋतिक मोबाइलशिवाय काही वाचत नाही, दामिनीला वेळ नाही. सबब धोका नाही.)

ठराव : घरात जो कमावता आहे त्याने दर महिन्याला खानावळ द्यायची. ऋतिक चांगला घोडा झालाय. आसनगावच्या गोडाऊनमध्ये खोके स्कॅन करतो, पगार थेट बँकेत, आणि इथे येऊन भाकऱ्या हाणतो, वर भात. फुकट! शिस्त म्हणून काही आहे की नाही? पैशाचा प्रश्न नाही, मला पेन्शन आहे. प्रश्न तत्त्वाचा आहे. रात्री जेवताना जाहीर करणार. महिना तीन हजार.

त्याच दिवशी, जेवणानंतर.
जाहीर केलं. ऋतिक हसत सुटला. म्हणाला, बाबा, एप्रिल फूल ना? पारूपण हसली. तारीख निवडण्यात जरा चूक झाली.

दामिनी तेवढी हसली नाही. (थोरली. मुरबाडच्या कंपनीत माल तपासते. शिफ्ट ड्यूटी.) तिनं विचारलं, आनि मी किती देऊ? मी म्हटलं, लेकीकडून खानावळ? देवराम अजून एवढा खाली नाय आला. लेक म्हणजे घरची लक्ष्मी, चार दिवसांची पाहुणी. तिचं खाल्लेलं बापाला पचत नाही. ती ताट उचलून आत गेली. भरून आलं असणार. एवढ्या मोठ्या मनाचा बाप कुणाला मिळतो?

९ एप्रिल, गुढीपाडवा.
ऋतिकचा पगार झाला. खानावळ जमा : निरंक. कारण : बाइकचा हप्ता. बाइक नसेल तर कामावर कसा जाईल, कामावर गेला नाही तर खानावळ कशी देईल, असं त्यानं विचारलं. मुद्दा बिनतोड आहे. पोरगा वकील व्हायचा.

२१ एप्रिल.
दामिनीनं नवीनच खूळ काढलंय. म्हणते, बाबा, कानाची मशीन घेऊ. माझा डावा कान धरणाच्या जनरेटरपाशी गेला, हे खरं. पण उजवा ए-वन आहे. ती म्हणते, तुमी भलतंच ऐकता. परवा पारूनं ‘मीठ संपलं’ म्हणून सांगितलं आणि मी पीठ दळून आणलं, तेवढं एक तिला सापडलंय. मीठ काय नि पीठ काय, चूक कुणाचीही होईल. मशीनचे पैसे ती देणार म्हणे. मी साफ सांगितलं, लेकीच्या पैशानं ऐकायची वेळ देवरामवर आलेली नाही.

८ मे. ऊन मरणाचं.
कडीच्या खोलीवरून घरात चर्चा. रिटायर झालो तेव्हा फंडाच्या पैशातून मी मागच्या बाजूला एक खोली काढली. आतून कडी लागते अशी घरात ही एकच. ऋतिकच्या बायकोसाठी. पलंग आणून ठेवलाय, गादीवरचं प्लास्टिक मी कुणाला काढू दिलेलं नाही. सध्या तिथे भाताची पोती असतात.

दामिनीची नाइट चालू आहे. सकाळी येते आणि माजघरात चटई टाकून पडते. तिला ओलांडून सगळ्यांची ये-जा. त्यात माझा टीव्ही, तो जरा मोठा लावावा लागतो. आज म्हणाली, बाबा, ती खोली मला द्या नि माझ्याकडून खानावळ घ्या. मी शांतपणे समजावलं, उद्या सून आली तर तिला काय वाटेल? पारू मध्येच म्हणाली, कुठली सून? पोरगी तरी बघितली का कुठं? बायकांना प्लॅनिंग कळत नाही. दामिनी हसली आणि पदर डोळ्यांवर घेऊन झोपली. म्हणजे ओढणी. ती पदर कुठला घेतेय. लहानपणी पारूच्या पदरात तोंड घालून झोपायची, त्यामुळे तसं लिहिलं गेलं.

९ जून.
ऋतिकसाठी सवलत योजना : अर्धी खानावळ. त्यानं जागच्या जागी मान्य केलं. मान्य करण्यात पोरगा एक नंबर आहे.

२३ जून.
खानावळ : निरंक. पेट्रोलला पैसे उलट मीच दिले. तात्पुरते.

पारूचं मात्र कौतुक करायला हवं. मी देतो तेवढ्यातच हल्ली गॅस, लाइट बिल, माझ्या बीपीच्या गोळ्या, सगळं भागवते. पूर्वी तिला पुरत नसे, महिनाअखेर कुरकुर. मी तिला म्हटलं, काटकसर शिकलीस हां. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग भांडी जोरात घासायला लागली. कौतुक सहन होत नाही काही माणसांना.

१४ जुलै.
आवणी चालू. ऋतिकची कंबर धरली. दामिनी नाइट करून आली, घोटभर चहा घेतला आणि तशीच चिखलात उतरली. दुपारपर्यंत वाकून रोपं लावत होती. मी बांधावरून देखरेख केली. एकदा तिनं वर बघून विचारलं, बाबा, सरळ येते का रांग? मी म्हटलं, सरळ येतेय. वाकडीच होती थोडी. झोप नव्हती बिचारीला.

जेवणाच्या वेळी कमळू आला. (शेजारी. स्वतःला तालुक्याचा पेपर समजतो.) म्हणाला, देवराम, सांभाळून रं बाबा. जमिनीला भाव आला तशा पोरी वाटा मागाय लागल्यात. त्याच्या मेव्हण्याच्या पोरींनी मागितला म्हणे. मी म्हटलं, आमची दामिनी तसली नाय. तर म्हणतो, आमच्या मेव्हन्यालापन असंच वाटलं होतं. कमळूचं काही मनावर घ्यायचं नसतं. मी मनावर घेतलेलं नाही.

१५ जुलै.
झोप लागली नाही. डास.

२१ जुलै, रविवार.
जे होऊ नये ते झालं. मी ओटीवर पेपर वाचत होतो. आत मिक्सर चालू, पारू वाटण वाटत होती. दामिनी आतून माझ्यापाशी आली, खाली बसली आणि म्हणाली, बाबा, माझापन वाटा द्या. मला आधी वाटलं वाटणाबद्दल बोलतेय. म्हटलं, काय? तेव्हा पुन्हा म्हणाली, माझा वाटा द्या बाबा, मंग मलापन या घरात मान वर करून बोलता येल.

माझ्या उजव्या कानानं स्वच्छ ऐकलं. डोक्यात कमळूच बोलायला लागला. जिला मी एक रुपया मागितला नाही, जिला लक्ष्मी म्हटलं, ती माझ्या जिवंतपणी वाटा मागते! मी आवाज चढवला नाही. धरणावर पाणी चढलं तरी मी आवाज चढवला नव्हता. फक्त सांगितलं, या घरात तुझा वाटा नाय. तू उद्या लग्न करून जानार. या घरात तुझं काय नाय, नीट ध्यानात ठेव.

तिनं ओढणी सावरली. मग उठली. मिक्सर थांबला होता. पारू दारात उभी होती, हाताला वाटण तसंच. ती काहीतरी म्हणाली ते ऐकू आलं नाही. ऐकायची इच्छाही नव्हती.

२२ जुलै.
दामिनी सेकंड शिफ्टला गेली. पिशवी नेहमीपेक्षा मोठी. युनिफॉर्म असतील.

२८ जुलै.
दामिनी मुरबाडला मैत्रिणीकडे राहतेय. पावसात रस्त्याचे हाल आहेत, शहाणपणाचंच केलं. राग एवढा टिकत नाही तिचा, मला माहीत आहे. पारू माझ्याशी बोलत नाही. गुडघे दुखत असावेत.

११ ऑगस्ट.
दामिनी आली नाही. कंपनीत ऑर्डर वाढली असेल. ऋतिकची खानावळ : निरंक. हे लिहायला आता वहीत जागा ठेवायची गरज नाही, एक शिक्का करून घ्यावा.

१९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा.
ऋतिक राखी बांधून घ्यायला मुरबाडला गेला. रात्री येऊन सांगतो, दिदीनं खोली घेतली स्टँडच्या मागं. नम्रता म्हणून कंपनीतली पोरगी आहे, तिच्याबरोबर. डिपॉझिटपन दिलं. मी सहज विचारलं, दाराला आतून कडी आहे का? तो म्हणाला, काय पन विचारता बाबा, दाराला कडी असतेच.

घरी फुकट राहायचं सोडून भाडं भरते. व्यवहारात कच्ची आहे पोरगी.

भात गेला नाही आज. पावसाळ्यात भूक मंदावते.

११ सप्टेंबर. गौरीजेवण.
नैवेद्य शिजता शिजता गॅस संपला. पारूनं पुरण उचललं आणि बाहेर चूल पेटवली. मी म्हटलं, सिलेंडर सांगून का ठेवला नाहीस? एवढ्या दिवसांनी ती माझ्याशी बोलली. म्हणाली, सांगनारी गेली. गॅस ती सांगायची. लाइट बिल तिच्या मोबाइलवरून जायचं. तुमच्या गोळ्या ती मुरबाडवरून आनायची. मी म्हटलं, आणि मला सांगितलं नाहीस? ती म्हणाली, तुमाला लेकीचं पचत नाय ना. दीड वर्स पचलं.

तसं बघायला गेलं तर मी लेकीकडून काही घेतलेलं नाही, कारण मला माहीतच नव्हतं. घेणं म्हणजे जाणूनबुजून घेणं. हा मुद्दा कुठेही टिकेल.

गौरीसमोर पानं मांडली. पारूनं एक पान जास्त मांडलं आणि मग उचललं. मी दुसरीकडे बघितलं.

बीपीची गोळी हातात घेतली आणि परत पाकिटात ठेवली.

६ ऑक्टोबर, रविवार.
वैशाखऱ्याला जाऊन आलो, गोदूबायकडे. (मोठी बहीण. मला अजून देव्या म्हणते, लोकांसमोरसुद्धा.) तिच्याकडून दामिनीला दोन शब्द सांगायचे, असा प्लॅन होता, की बापाकडे असा वाटा मागू नये.

गोदूबाय काकड्या निवडत होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि हातातली काकडी माझ्या अंगावर फेकली. म्हणाली, अरे बहिरटा, ती ‘द्या’ नाय म्हनली. ‘घ्या’ म्हनली! माझा वाटा घ्या. दामिनीनं तिला फोनवर रडत रडत सांगितलं होतं. खानावळ म्हटलं की बाबा घेत नाहीत, लेकीची म्हणून. मग दामिनीनं डोकं चालवलं, आधीच तिला म्हणाली होती, आत्या, मी त्यांना घरखर्चातला माझा वाटा घ्या म्हणून सांगते, त्याला नाय कसं म्हनतील? जो घरात पैसे घालतो त्याला घरात बोलता येतं, एवढंच तिला हवं होतं.

गोदूबायनं मग विचारलं, आनि तू काय सांगितलंस तिला? मी अंगावर आलेली काकडी उचलून परत ठेवली. तिला माहीतच होतं. तिनंच म्हणून दाखवलं, या घरात तुझा वाटा नाय. या घरात तुझं काय नाय. माझंच वाक्य. दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी किती वाईट बोललो होतो! पोर माझ्या पायाशी येऊन बसली होती.

गोदूबाय म्हणाली, पोरगी बापाला द्याय आली नि बापानं तिला हाकललं. अशी तऱ्हा आमी तरी नाय बघितली बाबा. मग स्वतःच डोळे पुसत काकड्या पिशवीत भरून दिल्या.

येताना मुरबाडच्या स्टँडवर एसटी बराच वेळ उभी होती. दामिनीची खोली मागेच. मी उतरलो नाही. काय म्हणणार उतरून? हातात नुसत्या काकड्या. समोरून निळ्या युनिफॉर्मातल्या दोन पोरी गेल्या. एकीची चाल तिच्यासारखी होती. तीच असेल असं काही नाही. त्या युनिफॉर्मात सगळ्या सारख्याच दिसतात.

१२ ऑक्टोबर, दसरा.
ठराव : आज दामिनीला फोन करणे.
सकाळी : ती ड्यूटीवर असेल. दुपारी : झोपली असेल. संध्याकाळी : मला रेंज नव्हती. घराबाहेर पिंपळापाशी रेंज येते, पण तिथे कमळू बसला होता.

१३ ऑक्टोबर.
फोन लावला. ती बोलली. काय बोलली ते मला नीट ऐकू आलं नाही. मी ‘बरं बरं’ म्हणून ठेवला. शेजारी कान लावून बसलेली पारू म्हणाली, ती भाऊबिजेला येते म्हनली. बघा! म्हणजे सगळं ठीक आहे. उगाच मनाला लावून घेतलं मी.

२० ऑक्टोबर.
कडीची खोली रिकामी केली. पोती ओटीवर आणली. गादीवरचं प्लास्टिक काढलं, जागोजागी चिकटलं होतं, नखांनी ओरबाडावं लागलं. कडीला तेल घातलं. ऋतिकनं विचारलं, बाबा, माझं कुठं ठरवलं की काय? मी म्हटलं, तुझं काही ठरलेलं नाही. तो हिरमुसला.

ठराव : भाऊबिजेला सगळ्यांसमोर म्हणायचं, दामिनी, तुझा वाटा मी घेतो. तीन हजार महिना, सवलत नाही. खोली तुझी. चुकलं माझं. गोठ्यात म्हशीसमोर म्हणून बघितलं. शेवटचे दोन शब्द राहून जातात. अजून दिवस आहेत, सराव होईल.

२ नोव्हेंबर, पाडवा.
सराव उत्तम. म्हैस आता मी गोठ्यात गेलो की मान फिरवते.

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज. रात्री.
दामिनी आली. केस कापलेत. हातात मिठाईचा बॉक्स. आल्यावर सरळ चुलीपाशी जाऊन टोपावरचं झाकण उचलायची तिची सवय. आज ओटीवर खुर्चीत बसली. पारू लगबगीनं चहा घेऊन आली, तो बशीसकट कपात. तो कप आम्ही पाहुण्यांसाठी ठेवलेला आहे. पारूच्या ते लक्षात आलं आणि ती तशीच ट्रे धरून उभी राहिली. दामिनी म्हणाली, दे गो आई, चालतंय.

ओवाळणी झाली. ऋतिकनं ताटात पाचशे टाकले. (सकाळी माझ्याकडून घेतले. तात्पुरते.)

मग दामिनीनं पर्समधून एक छोटी डबी काढली. कानाची मशीन. म्हणाली, बाबा, आता नाय म्हनू नका. पाव्हनी घेऊन आली तर घेतात ना? आणि स्वतःच्या हातानं माझ्या कानात बसवली. तिच्या हाताला कंपनीच्या साबणाचा वास येत होता. एकदम सगळं मोठ्यानं ऐकू यायला लागलं, पारूच्या बांगड्या, बाहेरची कोंबडी, माझाच श्वास. मी म्हटलं, दामिनी, त्या दिवशी तू मला काय म्हणालीस ते आता पुन्हा म्हण. मला आता ऐकू येतं. मी घेतो तुझा वाटा. पाहिजे तेवढा घेतो. ती खोली बघ, रिकामी केली, कडीला तेल घातलंय. चुकलं गो माझं, पोरी. असं सगळं म्हटलं. शेवटचे दोन शब्दपण राहिले नाहीत. सगळ्यांसमोर रडलो, ते नोंदवायला हरकत नाही.

तीपण रडली. माझे डोळे पुसले. खोलीत जाऊन आली, कडी लावून बघितली, काढली. म्हणाली, छान केलीत. मग माझ्या कानाशी वाकून हळू बोलली, आणि मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. आता कसला वाटा बाबा? तिथं भाडं भरते ना मी. तिथं मला कोन जा म्हननार नाय.

मी म्हटलं, इथेपण कोण म्हणणार नाही. ती म्हणाली, हो बाबा. लहान मुलाला म्हणतात तसं.

अंधार व्हायच्या आत निघाली. उद्या फर्स्ट शिफ्ट. पारूनं तांदूळ बांधून दिले, नव्या भाताचे, तिनंच आवलेल्या वाफ्यातले. ते तिनं घेतले. येते म्हणाली. मी फाट्यापर्यंत पोचवायला गेलो. गाडीचा आवाज वळणापलीकडून कितीतरी वेळ येत राहिला. पूर्वी वळणावरच बंद व्हायचा.

ऋतिक कडीच्या खोलीत झोपलाय. म्हणाला, रिकामी ठेवून काय करायची?

मशीन काढून डबीत ठेवली. दामिनीनं सांगितलंय, घरात माणसं बोलत असतील तेव्हा लावायची, नाहीतर सेल उगाच जातो. पारू भिंतीकडे तोंड करून पडली आहे. आजची खानावळ : निरंक. मशीन उद्यापासून लावणार.